रॅड५१ काढूनही पेशी जगतात, मग चूक कुठे? यीस्टमधल्या डीएनए-तोडीच्या चाचण्यांविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. हॅप्लॉइड (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) यीस्टच्या एका गुणसूत्रावर यूरा३ जनुकाचे दोन अपुरे तुकडे बसवले आहेत. दोन्हींत काही भाग सारखा आहे. मध्ये एचओ एन्झाइमची कापण्याची जागा आणि जी४१८-रोधक (जी४१८ या औषधापासून पेशीला वाचवणारा) मार्कर आहे. एचओ गॅल१ प्रमोटरखाली असल्यामुळे गॅलॅक्टोज दिलं की डीएनए तुटतो. गॅलॅक्टोज प्लेटवर मूळ स्ट्रेनच्या सुमारे ८० टक्के पेशी वाढतात. रॅड५१ काढलेल्या स्ट्रेनच्याही जवळपास तेवढ्याच वाढतात, रॅड५२ काढलेल्या मात्र एक टक्काही नाहीत. एमएमएसच्या (डीएनए बिघडवणाऱ्या रसायनाच्या) प्लेटवर पाहावं तर दोन्ही म्यूटंट सारखेच मरतात. डिलीशन, म्हणजे जनुक काढलेलं असणं, पीसीआरने तपासलेलं आहे. पुस्तकात रॅड५१ म्हणजे पुनर्संयोजनाचं (सारख्या क्रमाच्या आधारे डीएनए दुरुस्त करण्याचं) मुख्य प्रथिन, मग इथे त्याची गरज का दिसत नाही?

तुमचं डिलीशन ठीक आहे आणि आकडेही ठीक आहेत. ही मांडणी रॅड५१ची परीक्षा घेतच नाही, एवढंच. तोड दुरुस्त करायला कोणतं प्रथिन लागतं हे तुटलेल्या टोकांना जोडीदार म्हणून काय उपलब्ध आहे त्यावर ठरतं, आणि तो जोडीदार तुम्ही स्ट्रेन बांधताना निवडलेला असतो.

तोड झाल्यावर काय होतं ते क्रमाने पाहू. एमआरएक्स संकुल, म्हणजे एमआरई११, रॅड५० आणि एक्सआरएस२, टोकाला बसतं आणि साई२च्या मदतीने ५′ टोकाचा धागा कुरतडायला सुरुवात करतं. पुढची लांब कुरतड एक्सो१ किंवा एसजीएस१-डीएनए२ ही जोडी करते. वेग साधारण ताशी ४ किलोबेस. मागे ३′ टोकाचा एकेरी धागा उरतो आणि त्यावर आरपीए हे प्रथिन चढतं. इथे दोन वाटा फुटतात आणि दोन्हींच्या तोंडाशी रॅड५२ उभं असतं. पहिल्या वाटेत रॅड५२ आरपीए हटवून रॅड५१ला धाग्यावर बसवतं. रॅड५१चा तंतू मग दुसरीकडचा अखंड, दुहेरी डीएनए शोधतो आणि त्यात घुसतो. या कामात रॅड५५-रॅड५७ आणि रॅड५४ त्याला साथ देतात. दुसऱ्या वाटेत घुसायचं काहीच नसतं. तोडीच्या दोन्ही बाजूंना सारखे क्रम असतील तर कुरतड दोन्हींच्या पलीकडे गेली की दोन पूरक एकेरी धागे समोरासमोर येतात आणि रॅड५२ ते थेट जुळवतं. हेच सिंगल स्ट्रँड ॲनीलिंग, पुढे एसएसए. लोंबणारी बिनजुळती शेपटं रॅड१-रॅड१० कापतं आणि त्यासाठी एमएसएच२-एमएसएच३, एसएलएक्स४, सॉ१ हेही लागतात. मधला भाग कायमचा जातो. तुमच्या वाचलेल्या कॉलनी यूरा-पॉझिटिव्ह आणि जी४१८ला मरणाऱ्या असतील, तर त्या याच वाटेने आल्या आहेत.

रॅड५१चं काम अखंड डीएनए शोधून त्यात घुसण्याचं. एसएसएमध्ये अखंड डीएनएचा संबंधच नाही, म्हणून रॅड५१ नसलं तरी अडत नाही. उलट रॅड५१चा तंतू धागा अडवून ठेवत नसल्यामुळे काही मांडण्यांमध्ये एसएसए थोडं वाढलेलंच दिसतं.

मग एमएमएसवर रॅड५१-वजा, म्हणजे रॅड५१ काढलेला म्यूटंट, का मरतो? एमएमएस हे डीएनए तोडणारं रसायन आहे असा सर्रास समज आहे, पण ते बेसना मिथाइल लावतं. तोड होते ती नंतर, डीएनएची नक्कल करणारा काटा त्या खराब जागेवर अडकला किंवा कोसळला की. त्या वेळी उपलब्ध जोडीदार म्हणजे शेजारची भगिनी क्रोमॅटिड (त्याच गुणसूत्राची जुळी प्रत), आणि ती अखंड आहे. तिच्यात घुसायला रॅड५१ लागतंच. म्हणजे तुमचे दोन निकाल एकमेकांविरुद्ध नाहीत. जाता जाता: एमएमएस दिलेल्या पेशींचा डीएनए पल्स्ड-फील्ड जेलसाठी ५० अंशांवर काढलात तर उष्णतेने नाजूक झालेल्या जागा तिथेच तुटतात आणि पेशीत नसलेली तोड जेलवर दिसते. पेशी फोडण्याची पायरी ३० अंशांवर ठेवा. एमएमएसच्या प्लेट त्याच दिवशी ओता आणि वापरा. जुन्या प्लेटवर औषधाचा जोर उतरलेला असतो, आणि मग "आमचा म्यूटंट फारसा संवेदनशील नाही" असा निष्कर्ष निघतो.

रॅड५१ची गरज दाखवायची तर टोकांना अखंड दाता (ज्यावरून नक्कल करता येईल असा सारखा डीएनए) द्या आणि एसएसएची वाट बंद करा. सर्वात सोपी मांडणी म्हणजे तिसऱ्या गुणसूत्रावर मॅटच्या (पेशीचा मेटिंग-टाइप ठरवणाऱ्या) जागी तोड, एचएमएल आणि एचएमआर या तिच्या निद्रिस्त प्रती दोन्ही काढलेल्या, आणि पाचव्या गुणसूत्रावर मॅटची अशी प्रत जिची एचओ-जागा एका बेसच्या बदलाने न कापण्याजोगी झाली आहे. त्या प्रतीला मॅट-इंक म्हणतात. इथे दुरुस्ती म्हणजे जीन कन्व्हर्जन, दात्याचा क्रम तुटलेल्या जागी उतरवणं. रॅड५१, रॅड५२, रॅड५४ यांपैकी काहीही काढलं तरी जगणाऱ्यांचं प्रमाण कोसळतं. याच स्ट्रेनमध्ये क्रॉसओव्हरही (दोन गुणसूत्रांच्या भागांची अदलाबदल) मोजता येतो. मायटॉटिक (साधं विभाजन करणाऱ्या) पेशीत तो मुळात थोडा, काही टक्केच असतो आणि एसजीएस१, एसआरएस२ किंवा एमपीएच१ काढलं की वाढतो. तुटलेल्या टोकांपैकी एकाच बाजूला दाता दिला तर ब्रेक-इंड्यूस्ड रेप्लिकेशन (तोडीपासून गुणसूत्राच्या टोकापर्यंत नक्कल) दिसतं. ती वाट संथ आहे, तिला रॅड५१ तर लागतंच, वर डीएनए पॉलिमरेज डेल्टाचा पीओएल३२ हा भागही लागतो.

रॅड५५ किंवा रॅड५७ची चाचणी घेत असाल तर तापमान लिहून ठेवा. त्यांची उणीव २३ अंशांवर ठळक दिसते आणि ३० अंशांवर बरीच झाकली जाते. एकाच म्यूटंटविषयी दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत याचं कारण कित्येकदा इतकं साधं असतं.

रॅड५१ आणि रॅड५२ यांच्या परिणामांतली ही तफावत जुनी आहे, आणि तिने एक जनुक हाती दिलं. उलट्या दिशेने बसवलेल्या दोन एडीई२ प्रतींच्या चाचणीत रॅड५२ काढल्यावर पुनर्संयोजन हजारोपटींनी घसरतं, रॅड५१ काढल्यावर मात्र काही पटींनीच. मग रॅड५१-वजा पेशींत उरलेलं काम कोण करतं, हे शोधताना १९९६ मध्ये रॅड५९ सापडलं. ते रॅड५२चं भावंड म्हणावं असं आहे, जुळवणीला मदत करतं, आणि सारखेपणा जितका आखूड तितकी त्याची गरज जास्त. उंदरात चित्र उलटं आहे: रॅड५१ नसेल तर भ्रूणच मरतो, रॅड५२ नसलेला उंदीर जवळपास धडधाकट असतो, कारण रॅड५१ला धाग्यावर चढवण्याचं काम तिथे बीआरसीए२ करतं. यीस्टमधला महत्त्वक्रम जसाच्या तसा सस्तन प्राण्यांवर लादू नका.

आता प्रत्यक्ष प्रयोगाकडे. या चाचण्या बिघडतात त्या बहुधा गॅलॅक्टोज घालण्याच्या आधीच. वायपीडीत (ग्लुकोज असलेल्या माध्यमात) रात्रभर वाढवलेल्या पेशी थेट गॅलॅक्टोजमध्ये टाकल्या तर ग्लुकोजचं दमन उठायला काही तास जातात, आणि प्रत्येक पेशीला लागणारा वेळ वेगळा असतो. त्या काळात काही पेशी दोनदा विभागतात, काहींची तोड लगेच होते, आणि वेळेचा सगळा हिशेब बिघडतो. म्हणून रात्रभरची वाढ २ टक्के रॅफिनोज किंवा ३ टक्के लॅक्टेट असलेल्या वायपीमध्ये (तेच माध्यम, ग्लुकोजविना) करा. लॅक्टेटचं पीएच ५.५च्या आसपास आणा. सकाळी घनता मिलिलीटरला ५० लाख ते १ कोटी पेशी हवी. जास्त झाली असेल तर ताज्या रॅफिनोजमध्ये विरळ करून एक-दोन विभाजनं होऊ द्या. पेशी स्थिर अवस्थेत गेल्या की गॅलॅक्टोजला प्रतिसाद मंदावतो. मग ९० मिलि कल्चरमध्ये २० टक्के गॅलॅक्टोजचे १० मिलि घाला, म्हणजे अंतिम प्रमाण २ टक्के होतं. गॅलॅक्टोज शुद्ध प्रतीचं घ्या. स्वस्त पावडरीत ग्लुकोजचा अंश असतो आणि तेवढाही इंडक्शन (एचओ चालू होणं) ढिलं करायला पुरतो.

०, ३० आणि ६० मिनिटांना नमुने काढा. कापण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना प्रायमर ठेवून क्यूपीसीआर (डीएनएचं प्रमाण मोजणारा पीसीआर) करा, तुलनेला दुसऱ्या गुणसूत्रावरची एखादी न तुटणारी जागा घ्या. तासाभरात ९० टक्क्यांहून जास्त जागा कापलेल्या दिसायला हव्यात. ६० टक्केच दिसल्या तर दुरुस्तीविषयी काहीही लिहू नका, आधी इंडक्शन सुधारा. उलट ० मिनिटालाच १५-२० टक्के तोड दिसत असेल तर प्रमोटर गळतो आहे, म्हणजे गॅलॅक्टोजविनाही एचओ बनतं आहे. अशा कल्चरमध्ये दुरुस्त झालेल्या पेशी आधीच साठलेल्या असतात.

तुमच्या स्ट्रेनमध्ये आणखी एक गोष्ट तपासायला हवी, ती म्हणजे मॅटची स्वतःची एचओ-जागा. तुम्ही यूरा३मध्ये नवी जागा घातलीत, पण मॅट तसंच ठेवलं असतं तर प्रत्येक पेशीत दोन तोडी झाल्या असत्या. एचएमएल आणि एचएमआर शाबूत असते तर मूळ स्ट्रेनने मॅट दुरुस्त केलं असतं आणि रॅड५१-वजा पेशी त्या तोडीने मेल्या असत्या. त्या मरत नाहीत, म्हणजे तुमचं मॅट कापलं जात नाही हे आकड्यांवरूनच कळतं. तरी एकदा पीसीआर करून वहीत नोंदवा.

प्लेट ओतताना भाजक विसरू नका. जगण्याचं प्रमाण म्हणजे गॅलॅक्टोजवरच्या कॉलनी भागिले त्याच कल्चरच्या त्याच विरळीकरणातून ग्लुकोज किंवा रॅफिनोज प्लेटवर आलेल्या कॉलनी. मोजदाद-चेंबरमधल्या पेशींच्या आकड्याने भागू नका. रॅड५२-वजा कल्चरमध्ये तोड न करताही बऱ्याच पेशी मेलेल्या असतात, आणि हा दोष तुमच्या एका तोडीच्या नावावर जमा होतो. मूळ स्ट्रेनसाठी प्लेटमागे २०० पेशी पुरतात. रॅड५२-वजासाठी १ लाख ते १० लाख पेशी पसराव्या लागतात, नाहीतर "शून्य" लिहिण्यापलीकडे काही हाती येत नाही. पेशी गुठळ्या करत असतील तर थोडंसं सोनिकेशन द्या. आणि म्यूटंटच्या प्लेट तिसऱ्या दिवशी मोजून फेकू नका, पाचव्या दिवसापर्यंत ठेवा.

कॉलनी आली म्हणजे दुरुस्ती झाली, असंही नाही. गॅलॅक्टोजवर एचओ सतत चालू असतं. अचूक जोडलेली तोड पुन्हा कापली जाते, म्हणून तिथे जगते ती कापण्याची जागा कायमची गमावलेली पेशी. दाता नाही आणि सारखे क्रमही नाहीत अशा स्ट्रेनमध्ये टोक-टोक जोडणीने जगणाऱ्या पेशी हजारात एक ते तीन एवढ्याच असतात. त्यांच्या एचओ-जागेत दोन-तीन बेसची भर किंवा वजाबाकी सापडते, बहुधा सीए वाढलेलं किंवा एसीए गेलेलं. या जोडणीला लागणारं केयू७० किंवा डीएनएल४ काढलं की हेही जवळपास संपतं. तेच इंडक्शन तासाभरात ग्लुकोज घालून थांबवलंत तर अचूक जोडणीने जगणाऱ्यांचं प्रमाण कित्येक पटींनी वाढतं. त्यामुळे "जगण्याचा दर" लिहिताना गॅलॅक्टोज सतत होतं की तासभर, हे लिहिलंच पाहिजे. आणि वाचलेल्या कॉलनीत एचओ-जागा जशीच्या तशी सापडली तर ती दुरुस्ती नव्हे. त्या पेशीने गॅल-एचओ गमावलेलं असतं किंवा गॅलॅक्टोजला प्रतिसाद देणारं एखादं जनुक बिघडलेलं असतं. रॅड५२-वजाच्या तुरळक कॉलनींत हे हमखास आढळतं, म्हणून तिथे दहा-वीस कॉलनी तरी सीक्वेन्स कराव्यात.

कॉलनी आली नाही याचाही अर्थ दुरुस्ती झाली नाही असा होत नाही, आणि माझ्या मते या विषयात सर्वात जास्त चुकीचे निष्कर्ष इथेच निघतात. तोड झाली की एमईसी१-रॅड५३ चेकपॉइंट पेशीला विभाजनाच्या दाराशी थांबवतो. सूक्ष्मदर्शकाखाली डंबेलसारख्या, कळी मोठी झालेल्या पेशींची रांग दिसते. दोन सारख्या क्रमांमध्ये २५ किलोबेस अंतर असलेल्या स्ट्रेनमध्ये एसएसए पुरी व्हायला सुमारे सहा तास लागतात, कारण कुरतड तेवढी लांब जावी लागते. याच स्ट्रेनमध्ये एसआरएस२ काढलं तर डीएनए जुळलेला सापडतो, पण पेशी थांबलेल्याच राहतात आणि कॉलनी होत नाही. बिघाड दुरुस्तीत नसून दुरुस्तीनंतर चेकपॉइंट उतरवण्यात आहे, हे २००२ मध्ये दाखवलं गेलं. तेव्हा प्लेटसोबत सदर्न ब्लॉट किंवा पीसीआरने दुरुस्त तुकडा थेट मोजा. दोन्ही आकडे सोबत असल्याशिवाय "अमुक जनुक दुरुस्तीला लागतं" हे वाक्य लिहू नये.

स्ट्रेनच्या कुळाकडेही पाहा. डब्ल्यू३०३च्या मूळ रूपात रॅड५ जनुकात बिघाड आहे. बाजारात आणि फ्रीझरमध्ये दोन्ही रूपं फिरतात. एक पालक दुरुस्त रॅड५चा आणि दुसरा बिघडलेल्याचा असेल तर टेट्राडमध्ये (एका पेशीच्या मायॉसिसमधून निघालेल्या चार बीजाणूंमध्ये) एमएमएस-संवेदनशीलता स्वतंत्रपणे वाटली जाते आणि ती तुमच्या जनुकाची समजली जाते. अस्सल एस२८८सीमध्ये गॅल२ (गॅलॅक्टोज पेशीत आणणारं जनुक) बिघडलेलं आहे, म्हणून गॅलॅक्टोजवरची वाढ आधी तपासा. मायॉसिस पाहायचा तर एसके१ घ्या. त्यात पेशी बऱ्याच एकसाथ स्पोरुलेशनमध्ये (बीजाणू बनवण्यात) जातात, आणि तिथे तोड एचओ नाही, एसपीओ११ करतं.

टोक-टोक जोडणी मोजणाऱ्यांसाठी एक सापळा. मॅट-ए आणि मॅट-अल्फा दोन्ही चालू असलेल्या पेशीत एनईजे१ जनुक बंद होतं, आणि त्याच्याविना ही जोडणी होत नाही. डिप्लॉइडमध्ये हे साहजिक आहे, त्याला जोडीचं गुणसूत्र आहे. पण हॅप्लॉइडमध्ये सर२, सर३ किंवा सर४ (एचएमएल-एचएमआर झोपवून ठेवणारी जनुकं) काढलं की एचएमएल आणि एचएमआर जागे होतात, पेशी स्वतःला डिप्लॉइड समजते आणि जोडणी बंद पडते. सर प्रथिनं टोकं जोडतात असं यावरून वाटू शकतं. आधी एचएमएल किंवा एचएमआर काढून पाहा. दोष बहुतांश नाहीसा झाला तर तो मेटिंग-टाइपचा होता.

दुहेरी म्यूटंट करायचे असतील तर विषमयुग्मी (एक प्रत शाबूत, एक काढलेली) डिप्लॉइडमधून टेट्राड फोडून करा. एकावर एक डिलीशन चढवत गेलात तर आजारी पेशींत सप्रेसर (मूळ दोष झाकणारे दुसरे बदल) शिरतात आणि ते कळतही नाही. एसआरएस२ आणि रॅड५४ दोन्ही काढल्यास पेशी जगत नाही, पण त्यासोबत रॅड५१ही काढलं तर जगते. म्हणजे तिला मारत होतं ते अर्धवट सोडलेलं पुनर्संयोजन. रॅड५१ने सुरू केलेली घुसखोरी ना पुढे जाते ना सुटते. म्हणून या टोळीतल्या कुठल्याही मारक जोडीला पहिला प्रश्न हा विचारावा: रॅड५१ काढलं तर काय होतं?

एचओशिवाय, आपोआप होणाऱ्या पुनर्संयोजनाचा दर हवा असेल तर एलईयू२च्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी बिघडलेल्या प्रती आणि मध्ये यूरा३, ही मांडणी चांगली. ल्युसीन नसलेल्या प्लेटवर आलेल्या कॉलनी ५-एफओएवर तपासा, मिलिलीटरला १ मिलिग्रॅम. एफओएला मरतात त्यांत यूरा३ शाबूत आहे, म्हणजे जीन कन्व्हर्जन. वाढतात त्यांत मधला भाग गेला आहे, म्हणजे डिलीशन, त्यातला मोठा वाटा एसएसएचा. रॅड५१-वजामध्ये पहिला गट आटतो आणि दुसरा टिकतो किंवा फुगतो. दोन्ही एकत्र मोजले तर फरक झाकला जातो.

हा दर एका कल्चरवरून काढता येत नाही. लवकर घडलेली एक घटना कल्चरभर वंशज सोडते आणि सरासरी उडवून लावते. स्ट्रेनमागे किमान नऊ ते बारा स्वतंत्र कॉलनी घ्या, प्रत्येक वेगळी वाढवा आणि मध्यक वापरा. ली-कौल्सन यांच्या पद्धतीत, मध्यक आर असेल तर घटनांची संख्या एम अशी काढायची: आर भागिले एम, वजा एमचा नैसर्गिक लॉग, बरोबर १.२४. समजा मध्यक ४० आहे. एम ११ घेतला तर ४० भागिले ११ म्हणजे ३.६४, ११चा लॉग २.४०, वजाबाकी १.२४. जुळलं. कल्चरमध्ये २ कोटी पेशी असतील तर दर ११ भागिले २ कोटी, म्हणजे पेशीमागे, पिढीमागे १ कोटीत सुमारे ५.५. कल्चरचा काही अंशच पसरला असेल तर हे सूत्र तसंच लावू नका, पसरलेल्या अंशाची दुरुस्ती करावी लागते. शक्यतो अख्खी कॉलनीच पसरवावी.

तुमच्या हातातल्या स्ट्रेनचं करायचं तर आधी रॅड५९-वजा आणि रॅड१-वजा बनवा. रॅड१ काढल्यावर जगणाऱ्या पेशी कोसळल्या तर एसएसएचा पुरावा पक्का होतो, कारण तुमच्या यूरा३ तुकड्यांची शेपटं लांब आहेत आणि ती कापणारं दुसरं कोणी नाही. रॅड५९चा परिणाम सारखा भाग किती लांब आहे त्यावर राहील. २०० बेसच्या आसपास असेल तर घसरण ठळक दिसेल, किलोबेसहून लांब असेल तर सौम्य. त्यानंतरच वेगळ्या गुणसूत्रावरच्या दात्याची स्ट्रेन आणा आणि रॅड५१-वजा तिच्यात तपासा.